ताईची गाडी कधीच बंद पडली नाही

आधीच सांगते. ज्यांना खाली कमेंटमध्ये "बॅटरी उतरली असेल" एवढंच लिहायचंय, त्यांनी इथेच थांबा. बॅटरी नवीन होती. स्टार्टर तपासलेला होता. वायरिंग वेगवेगळ्या माणसांनी पाहिलं होतं. आता हे शब्द नुसते कानावर पडले तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीची आहे.

आणि ती रात्रीची नाही. सुनसान रस्ता नाही, पडकं घर नाही. उन्हाळ्यातली दुपार होती, शनिवारची. जागा म्हणजे ताईच्या बिल्डिंगखालचं पार्किंग. वरच्या कुठल्यातरी खिडकीतून टीव्हीचा आवाज येत होता. शेजारी एक माणूस पाइप लावून स्कूटर धूत होता.

इतक्या साध्या जागी माझी बहीण मेली.

गाडीत बसून. सुरू न होणाऱ्या गाडीत.

आता ती गाडी कुठून आली ते सांगते.

ताई एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. काम भल्या पहाटेचं. लोक उपाशीपोटी वाट बघत बसलेले असायचे आणि उशीर झाला की शिव्या ताईला. स्कूटरवर नमुन्यांची पेटी सांभाळत तिने बरीच वर्षं काढली. मग म्हणाली, "बास झालं. छोटीशी, जुनी, पण न रडणारी गाडी बघायची."

मी तिच्याबरोबर गेले होते. हायवेजवळ जुन्या गाड्यांचा एक डीलर होता. मोकळ्या जागेत धुवूनपुसून ओळीने लावलेल्या गाड्या. तो आम्हाला पुढच्या चकचकीत गाड्या दाखवत होता आणि ताईचं लक्ष मागच्या कोपऱ्यात. तिथे एक फिकट निळी, गोलमटोल गाडी उभी होती. धूळ बसलेली.

"ती नको, ताई," डीलर म्हणाला. "तिची बॅटरी बदलायचीय. आज सुरू नाही होणार."

तोवर ताई आत बसली होती. चावी गाडीलाच होती. तिने फिरवली.

गाडी सुरू झाली.

मी हसले. म्हटलं, "घ्या! गाडीनेच मालकीण पसंत केली!"

डीलर हसला नाही. तो गाडीकडे बघत राहिला. मला वाटलं, किंमत कमी सांगितली म्हणून हळहळतोय मेला.

ताईने तिचं नाव ठेवलं ठमी. आणि ठमीने नऊ वर्षं तिला एकदाही दगा दिला नाही. एकदाही. हे मी वाढवून सांगत नाही. थंडीत लोकांच्या नव्या गाड्या खोकत बसायच्या, ठमी पहिल्या फेरीत सुरू. रस्त्यावर गुडघाभर पाणी, बाकीचे बॉनेट उघडून उभे, आणि ठमी बदकासारखी मधून निघून जायची. तेल बदललं, टायर बदलले, ब्रेकचे पॅड बदलले. संपलं. तिचा मेकॅनिक, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, दर वेळी कपाळाला हात लावायचा.

"ताई, ही गाडी नाही, गाय आहे. पण तुम्ही दोघींनी मिळून माझ्या पोटावर पाय दिलाय."

ताई अशी फुगायची, जणू तिच्या मुलीचा पहिला नंबर आलाय.

तिची तक्रार एकच होती. सीटची.

ताई उंच होती. आमच्या अख्ख्या घराण्यात उंच. ड्रायव्हरची सीट पार मागे ढकलून बसायची. पण अधूनमधून सकाळी दार उघडलं की सीट पुढे आलेली असायची. अगदी स्टीअरिंगला चिकटलेली.

"अहो, तुम्ही बसला होता गाडीत?" ती भावोजींना विचारायची.

"मला काय करायचंय तुझ्या गाडीत?"

आणि ते खरंच होतं. भावोजी एका छापखान्यात काम करतात. छापखान्याची डिलिव्हरी व्हॅनसुद्धा चालवतात. पण ठमीला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. कुणालाच नव्हती. "तिला दुसऱ्याचा हात चालत नाही," ताई म्हणायची. आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, चालत नाही ते ताईला.

मग तो शनिवार आला.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. एका बाईच्या कानामागे फ्रेमची दांडी नीट बसवत होते. फोन वाजला. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. भावोजी बाकावर बसले होते. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

त्यांनी मला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले.

"गाडी सुरू झाली नाही."

ताईच्या छातीत दुखायला लागलं होतं. ते तिला धरून खाली घेऊन आले, बाजूच्या सीटवर बसवलं, चावी फिरवली. गाडी सुरू झाली नाही. फिरवत राहिले. मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन. ती यायला उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर…" आणि पुढचं बोललेच नाहीत. लोकांना अर्धी वाक्यं टाकून जायची फार हौस असते. पूर्ण करायला आपण बसलेले असतो, जन्मभर.

ताईच्या घरी माणसं जमली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी तिला फोन न करणारे तिचे गुण गात होते. आणि भावोजी येईल त्याला तेच सांगत होते. "चावी फिरवत होतो… सुरूच झाली नाही."

मी ऐकत होते. आणि माझ्या डोक्यात एकच घण पडत होता. नऊ वर्षं. थंडी, पाणी, ऊन. नऊ वर्षं एकदाही बंद न पडलेली गाडी नेमकी त्या दुपारी सुरू झाली नाही? कुणाला सांगताय?

हा माणूस घाबरला असणार. किंवा झोपला असणार. किंवा त्याला न्यायचंच नसणार.

मी उठले. खुंटीवरची चावी काढली. कुणीतरी म्हणालं, "अगं, कुठे चाललीस?" मी ऐकलं नाही. जिना उतरले. गाडीत बसले. चावी फिरवली.

सुरू.

मांजर गुरगुरावं तसा आवाज. मी हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. वर सगळे गॅलरीत आले. भावोजीही आले. मी दार उघडून बाहेर उभी राहिले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले, "ही सुरू होत नव्हती? ही?"

भावोजी आत निघून गेले.

मी गाडी तशीच माझ्या घरी घेऊन आले. त्यांनी परत मागितली नाही.

ठमी आमच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहू लागली. घरात मी, नवरा आणि सासूबाई.

पहिला आवाज आला तो माझ्या सुट्टीच्या दिवशी. मी ओट्याशी उभी होते. दुपार. नवरा कामावर, सासूबाई आत पडलेल्या. खिडकीखालून…

सर्रर्र… खट्.

सीटबेल्ट ओढून लावल्याचा आवाज.

मी वाकून पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं. काचा बंद. अंगणाचं फाटकही बंद.

मग एका सकाळी गाडीवर टेकून फोनवर बोलत होते. हात बॉनेटवर होता. बोलता बोलता जाणवलं…

बॉनेट गरम होतं.

गाडी आदल्या दिवशी हललीही नव्हती. नवरा म्हणाला, "उन्हाने तापलं असेल." मी त्याला फक्त वर बघायला सांगितलं. ऊन अजून समोरच्या गच्चीवर होतं.

आता तुम्ही म्हणाल, मी घाबरले असेन. नाही. मला आनंद झाला. वेड्यासारखा आनंद. मला वाटलं, ताई आहे. कुठेच गेलेली नाही. तिच्या लाडक्या ठमीत येऊन बसते.

मी गाडी दुकानात न्यायला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन गाडीत बसायची आणि तिच्याशी बोलायची. गिऱ्हाइकांची नक्कल करून दाखवायची. भावोजींना शिव्या द्यायची. मनसोक्त. आणि शिव्या दिल्या की गाडी जास्तच मऊ चालते असं मला वाटायचं.

एका रविवारी नवऱ्याला कुठेतरी जायचं होतं. तो खाली गेला. थोड्या वेळाने हाक आली.

"अगं, ही सुरू होत नाहीये!"

"अरे, क्लच दाब."

"दाबलाय गं! मी काय आज शिकतोय?"

मी ओल्या हातांनी खाली गेले. तो उठला, मी बसले. चावी फिरवली. सुरू.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. हसून म्हणाल्या, "हाताला यश लागतं रे! ते तिच्या हातात आहे."

असं परत झालं. आणि परत. उस्तादला बोलावलं. त्याने चावी फिरवली, काहीच नाही. त्याने बॅटरी बदलली, काहीच नाही. मी फिरवली, सुरू. नवऱ्याच्या एका मित्राने पाहिलं, इलेक्ट्रिशियनने पाहिलं. उस्ताद डोकं खाजवत म्हणाला, "ताई, गाडीत दोष नाही. आमच्यात आहे."

खरं सांगू? मला अभिमान वाटला. ताईने मला निवडलंय, दुसऱ्या कुणाला नाही.

मग एका सकाळी दुकानात जायला दार उघडलं…

सीट पुढे आलेली होती.

पार पुढे. माझा गुडघासुद्धा आत गेला नसता. मी हसून म्हणायला गेले, "काय गं ताई…"

आणि मग लक्षात आलं.

ताई उंच होती.

ताई त्या जागेत मावलीच नसती. तिथे बसणाऱ्याचे पाय इतके आखूड हवेत, की सीट स्टीअरिंगला चिकटवल्याशिवाय पॅडलला पोचू नयेत.

मग इतके दिवस डबा उघडून मी कुणाशी बोलत होते?

आत्ता हे लिहिताना अंगावर काटा येतोय. पण तेव्हा काट्याआधी राग आला. कुणीतरी ताईच्या जागी बसून माझं सगळं ऐकून घेतलं होतं. माझं रडणं. माझ्या शिव्या. गप्प बसून, मऊ मऊ चालून.

मी भावोजींना फोन केला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"या. आत्ताच्या आत्ता."

ते छापखान्यातून तसेच आले. बोटांना शाई. मी फाटकाशीच उभी होते. बसा नाही, पाणी नाही.

"गाडीत बसा. माझ्यासमोर चावी फिरवा. त्या दिवशी काय केलंत ते मला बघायचंय."

ते गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी सीट मागे ढकलली आणि बसले. मी वळसा घालून बाजूच्या सीटवर बसले. जिथे ताई बसली होती तिथे.

त्यांनी चावी फिरवली.

काही नाही. खटकासुद्धा नाही. डॅशबोर्डवरचे दिवेही लागले नाहीत.

परत फिरवली. परत. ते थांबले नाहीत. आणि मग, त्यांचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर असताना…

खट्.

सीट एक घर पुढे सरकली.

खट्.

अजून एक.

सीटखालच्या दांड्याला कुणाचाही हात नव्हता. भावोजींचे गुडघे वर आले, डॅशबोर्डला टेकले. मी दाराचं हँडल घट्ट धरलं. पण त्यांनी दचकूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात आवळलेले होते.

"त्या दिवशीही हेच," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही तुम्ही?" मी ओरडले.

"कुणाला सांगू? तुला? तू खाली हॉर्न वाजवत होतीस."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "शेवटी शेवटी ती म्हणत होती, अहो, उठा तिथून. मला बसू द्या. माझ्या हाताने होईल सुरू. घामाने निथळत होती ती. मी म्हटलं, वेडी आहेस का, कशी चालवणार आहेस तू? मी उठलो नाही."

आणि त्या शांत माणसाने दोन्ही मुठी स्टीअरिंगवर आपटल्या. आपटतच राहिला.

हॉर्नसुद्धा वाजला नाही.

त्याच दुपारी आम्ही दोघे डीलरकडे गेलो. भावोजी त्यांच्या स्कूटरवर, मी गाडीत. गाडी माझ्याशिवाय येणारच नव्हती. सबंध रस्ता ती लोण्यातून सुरी जावी तशी चालली.

डीलर आता म्हातारा झाला होता. पण गाडी त्याने लांबूनच ओळखली. खुर्चीतून उठला आणि आत जायला लागला. मी आडवी गेले.

"ही आधी कुणाची होती?"

"इतक्या वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं, बाई?"

"तुम्ही ठेवलंय. तोंडावर दिसतंय."

त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग सांगितलं. एका म्हातारीची. एकटीच असायची. सगळीकडे स्वतः चालवत जायची, मुलालासुद्धा चावी देत नसे. गेली तेव्हा गाडी मुलाकडे आली आणि सुरूच होईना. मुलाने दुसऱ्या गाडीला बांधून इथे आणून टाकली. इथेही कुणाच्या हाताने सुरू झाली नाही.

"तुमच्या बहिणीने फिरवली आणि लागली," तो म्हणाला. "मीच घाबरलो होतो."

"किती उंच होती ती म्हातारी?" भावोजींनी विचारलं.

डीलरने हात स्वतःच्या छातीच्या खाली धरला. "एवढीशी. बाहेरून बघितलं तर वाटायचं गाडी आपली आपली चाललीय."

माझा हात उठणार होता. मी तो पाठीमागे धरून ठेवला. "मग तेव्हाच सांगितलं का नाहीस? तोंडाला कुलूप लागलं होतं?"

आता तोही चिडला. "काय सांगायचं होतं? आत म्हातारी बसलीय? तुम्ही ऐकलं असतंत? आणि मला सांगा, नऊ वर्षांत एकदा तरी बंद पडली का? एकदा तरी? मग तक्रार काय आहे तुमची?"

तक्रार काय आहे.

माझी बहीण मेली आणि माझ्याकडे तक्रार नव्हती. गाडी उत्तम होती.

मी ठरवलं, ही गाडी चेपायची. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. पत्र्याचा गोळा झालेला मला डोळ्यांनी बघायचा होता. कागद ताईच्या नावावर होते, म्हणून सही भावोजींची लागणार होती. ते तयार होते. माझ्यापेक्षा जास्त.

शहराबाहेर एक मोठं भंगाराचं यार्ड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी काढली. वाटेत मी तोंड बंद ठेवलं नाही. मनात होतं ते सगळं बोलले. "एवढा जीव होता तिचा तुझ्यावर. पोटच्या पोरीसारखं जपलं तुला. कशासाठी मारलंस तिला? एक दिवस दुसऱ्याच्या हाताने चालली असतीस तर काय बिघडत होतं?"

उत्तर आलं नाही. फक्त माझ्याखाली सीट…

खट्.

एक घर पुढे.

मी ब्रेक मारला नाही. म्हटलं, सरक किती सरकायचंय ते. आज तुझा शेवटचा दिवस आहे.

यार्डात भावोजी आधीच आले होते. सही झाली. गाडी मी क्रेनखाली उभी केली, चावी तशीच आत ठेवली आणि मागे वळून न बघता लांब जाऊन उभी राहिले. क्रेनचा पंजा खाली आला, टपाला धरलं, आणि ठमी हळूहळू वर गेली. स्वच्छ ऊन होतं. काचांमधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. गाडी रिकामी होती. मी शपथेवर सांगते, रिकामी होती.

क्रेन मध्येच थांबली.

क्रेनवाला वर केबिनमध्ये होता. गाडी त्याच्या बरोबर समोर लटकत होती. त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि खाली ओरडला.

"ओ! वेड लागलंय का तुम्हाला? आधी त्यांना उतरवा ना!"

यार्डाचा मालक म्हणाला, "कुणाला?"

"आतल्या बायकांना!"

मालकाने गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. क्रेनवाल्याला आमच्यातलं काहीही माहीत नव्हतं. आम्ही त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

भावोजी पुढे गेले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"बायका? किती?"

"दोघी! एक म्हातारी स्टीअरिंगला चिकटून बसलीय. आणि बाजूला ती उंच बाई… डोकं टपाला लागतंय तिचं!"

"ती… ती उंच बाई काय करतेय?"

क्रेनवाल्याने परत गाडीकडे पाहिलं. मग त्याचा आवाज खाली आला.

"दार उघडायला बघतेय."

भावोजी धावले. लटकत्या गाडीच्या खाली. "खाली घ्या! खाली घ्या तिला! खाली घ्या!" मालकाने त्यांना ओढून बाजूला काढलं. गाडी खाली आली. चाकं टेकायच्या आत त्यांनी बाजूच्या सीटचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"उतर," ते म्हणाले. "ये. मी आहे. उतर."

सीट रिकामी होती. सीटवर ऊन पडलं होतं.

ते दार धरून उभेच राहिले. कुणी त्यांना हटकलं नाही. क्रेनवाल्याने क्रेन बंद केली होती, यार्डात पत्रा आपटायचा आवाजही थांबला होता. आणि मग मी पाहिलं…

दार त्यांच्या हातातून हळूहळू सुटत होतं.

ते ओढत होते. पाय रोवून ओढत होते. हाताच्या शिरा फुगल्या होत्या. आणि दार आत जात होतं. अगदी सावकाश, एखाद्याने दमून ओढून घ्यावं तसं.

बंद झालं.

कुणी ओढलं? म्हातारीने? की ताईने स्वतः?

ते मला माहीत नाही. तेच मला झोपू देत नाही.

क्रेनवाल्याने त्या गाडीला परत हात लावायला साफ नकार दिला. तो दुपारीच घरी निघून गेला. दुसरा कुणी तयार झाला नाही. मालकाने दोरखंड बांधून, ट्रकने ओढून, गाडी यार्डाच्या मागच्या भिंतीशी नेऊन ठेवली. आमच्याकडून काही मागितलं नाही. "फक्त परत घेऊन या म्हणून सांगू नका," एवढंच म्हणाला. तो कधी काय ऐकतो, काय बघतो, मी विचारलेलं नाही.

मी तिथे परत गेले नाही. मला सगळ्यांचा राग आहे. डीलरचा आहे. त्या एवढ्याशा म्हातारीचा आहे, जिला मेल्यावरही स्वतःची जागा सोडवत नाही. भावोजींचाही अजून आहे, का ते मला सांगता येणार नाही. आणि कधीकधी ताईचाही येतो. दार उघडलं होतं ना. मग?

भावोजी दर शनिवारी जातात. दार उघडतात, उभे राहतात. ते बंद झालं की घरी येतात. नवरा म्हणतो त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं. कोण नेणार?

हल्ली ते मला फोन करतात. बोलणं एकच असतं.

"तू एकदा ये. तुझ्या हाताने चालते गाडी. मी मागे बसेन, काही बोलणार नाही. आपण तुझ्या ताईला हॉस्पिटलपर्यंत नेऊ. त्या दिवशी राहिलं ते. तिथे पोचली की उतरेल गं ती… मला माहितीय, तिथे उतरेल."

मी नाही म्हणते. ओरडून नाही म्हणते. फोन ठेवते.

काल परत फोन आला होता. मी उचलला नाही.

उचलला तर हो म्हणेन, याची भीती वाटते.